रापणीचा वाटा

ओमानमध्ये कामाला असताना शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही मित्र मिनीबसमध्ये गाद्या टाकून खाबुरा शहराच्या पुढच्या एका समुद्रकाठच्या गावी जायचो. आमच्यातला मालवणकडचा एक एसी मेकॅनिक कायम समुद्राच्या बाजूची खिडकी धरायचा. काही विचारलं तर "बघू, इन्शाल्ला" म्हणून पुन्हा बाहेर बघत बसायचा.

एकदा पोहोचलो तेव्हा धूसर उजेडात ओमानी कोळी किनाऱ्यावरून जाळं ओढत होते. आमच्या कोकणातल्या रापणीसारखंच. हा चपला काढून सरळ दोरीला लागला. त्यांच्या "यल्ला, यल्ला"मध्ये याचं "होय रे, होय" विरघळून गेलं. जाळं वर आलं आणि याने कोणालाही न विचारता ओंजळभर तारल्या उचलून बाजूला ठेवल्या. कोळी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघू लागले. मी घाबरून त्याचा दंड धरला.

"दोरयेक हात लावलो, मगे वाटो आपलो," तो म्हणाला.

त्याच्या गावचा कायदा इथे कोणाला ठाऊक? म्हाताऱ्या कोळ्याने त्याचे तळवे उलटून त्यांवरचे दोरीचे वळ पाहिले. मग याने बाजूला ठेवलेल्या ढिगावर आणखी एक ओंजळ टाकली.

परतताना गाडीभर माशांचा वास होता. तो खिडकीशीच बसला, पण मांडीवर तळवे उघडे ठेवून झोपला. बाहेर समुद्र बराच वेळ सोबत होता. त्याने एकदाही पाहिलं नाही.