दाखल्यावर नसलेला आकडा

गेवराईच्या मैदानावर एक बाई रोज तिच्या पंचविशीतल्या मुलाला चालवायची. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. ती हात पसरून त्याच्यापुढं उलटी चालायची, पण त्याला धरायची नाही. तो पडला, की तीही मातीत बसायची आणि तो उठेपर्यंत पदरानं वारा घ्यायची.

एकदा मी माझ्या बावीस वर्षांच्या लेकीला चाकाच्या खुर्चीतून तिथं नेलं. तिलाही तेच आहे. बाईनं विचारलं, "लेक किती पावलं चालती?"

"ऐंशी टक्के अपंगत्व आहे."

"दाखल्यावरचं न्हाई इचारलं, भाऊ. पावलं इचारली."

मला लेकीच्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या, पण हे सांगता येईना. पडेल म्हणून मी तिला कधी उभंच राहू दिलं नव्हतं.

लेकच सावकाश म्हणाली, "चौदा. बाबा कामावर गेले की, भिंतीला धरून."