गाडी लेट आहे

देशपांडे नगरातल्या त्या हॉस्पिटलात वडिलांच्या खाटेपाशी ती दिवसातून दोनदा यायची. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर तिथं संशोधन चाललं होतं, आणि प्रश्न विचारायचं काम तिच्याकडं होतं. ती कधी बसायची नाही. पेनाचं टोपण काढत-घालत कानडी वळणाच्या मराठीत एका दमात विचारायची, "अप्पा, आज वार कोणता री? आपण कुठं आहोत?"

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईनं दुसऱ्याच दिवशी सगळं बरोबर सांगितलं होतं. वडील मात्र त्याच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशीही म्हणत होते, "हे अळणावर स्टेशन. मला उठू द्या, गाडी सुटेल."

मी तिला अडवून विचारलं, "आईला काही झालं नाही. मग यांनाच का?"

"रक्तातलं नको ते मेंदूत जाऊ नये म्हणून मधे एक पडदा असतो. ऑपरेशननंतर तो सैल पडला की असा भ्रम होत असावा. तो बायकांत आणि पुरुषांत वेगळा वागतो का, तेच शोधतोय. अजून कळलेलं नाही बघा."

तेवढ्यात वडिलांनी सलाईनची नळी ओढली. तिनं कागद बाजूला टाकला आणि खाटेवर बसून त्यांचा हात धरला. "गाडी लेट आहे, अप्पा. मीपण थांबलेय."

वडील हळूहळू निवले. त्यांना झोप लागेपर्यंत ती हलली नाही. मग उठून तिनं कागदावर त्यांचं उत्तर 'चूक' म्हणून लिहिलं.

पाचव्या दिवशी वडील भानावर आले. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मीच अस्वस्थ झालो.