पाळणाघराच्या दारातले आजोबा

माझी नणंद प्रोग्रामर आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावरच तिचं ऑफिस, त्यामुळे भाजी निवडता निवडता मलाही तिच्या कामातलं थोडं कळायला लागलंय. स्वभावाने महाकाटेकोर. घाईत मी भलत्याच डब्याला भलतं झाकण लावलं, की हिची टिप्पणी तयार: "वहिनी, बसलं म्हणजे त्याचंच झालं का?"

कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या दारासाठी तिनेच प्रोग्राम लिहिला. मुलाला न्यायला कोण येणार हे पालकांनी नोंदवायचं. येणाऱ्याचं कार्ड बघून यंत्र हो किंवा नाही म्हणणार. सुरू झालं त्याच दिवशी यंत्राने एका आजोबांना नाही म्हटलं. नातीला रोज तेच न्यायचे. शेवटी सून कामावरून धावत आली. आदल्याच आठवड्यात त्या दोघांची काहीतरी बोलाचाली झाली होती म्हणे. "हिनंच माझं नाव काढलं," एवढंच पाळणाघराच्या बाईंना सांगून आजोबा घरी गेले, ते सुनेशी बोलेचनात.

बाईंचा फोन आला आणि नणंदेने सगळा प्रोग्राम उकलून बघितला. मग डोक्याला हात लावला.

"माती खाल्ली, वहिनी."

"काय झालं?"

"नोंदी एकाखाली एक येतात, मूल आणि नेणारा अशा जोड्या. चटकन सापडावं म्हणून मी त्या यादीचं कोष्टक केलं. पण त्यात एका मुलासमोर एकच जागा. दुसरी नोंद आली की पहिली गुपचूप पुसली जाते. तपासताना मी प्रत्येक मुलाला एकेकच माणूस दिला होता, मग कळणार कसं?"

"म्हणजे आजोबांची नोंद गेली?"

"कोष्टकातून गेली. मूळ यादी जशीच्या तशी आहे. मी प्रोग्राम लिहिते त्या भाषेत जुन्याला हात लावत नाहीत, त्यावरून नवं बनवतात."

तिने एका मुलासमोर कितीही माणसं मावतील असं केलं. दार दुरुस्त झालं. तिथेच थांबली असती तरी तिला कुणी विचारलं नसतं. पण तिने चपला घातल्या. "चल ना, एकटीला धीर होत नाही."

आजोबांच्या घरचं दार सुनेने उघडलं. आजोबा वर्तमानपत्राआड होते.

"काका, चूक माझी आहे. तुमचं नाव कुणी काढलेलं नाही."

"मग यंत्राचं माझ्याशी वैर आहे का?"

"एका खुर्चीवर मी दोघांना बसवलं. नंतर आलेल्याने आधीच्याला उठवलं."

"बरा मीच उठलो. हिला नाही उठवलं ते?"

नणंद म्हणाली, "कारण त्यांनी स्वतःचं नाव नंतर घातलं. पहिलं तुमचं घातलं होतं."

सून खिडकीबाहेर बघत होती. आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"उद्या तिला किती वाजता आणू?" त्यांनी विचारलं.

"रोजच्याच वेळेला, बाबा," सून म्हणाली.