आईचा डेपो

मी नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात, पर्थला निघाले तेव्हा आई मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत आली होती. टॅक्सीवाल्यावर खेकसली, "भैया, डिकी जोर से मत पटको!" मग मला म्हणाली, "परत यावंसं वाटलं तर विचारत बसू नकोस, सरळ ये. मी आहेच इथे."

मी रडलेबिडले नाही. सुटले बाई एकदाची, असंच वाटलं होतं.

इथे मी खाणीतल्या डंपरचं नियोजन करते. कुठला डंपर कुठे धावणार, सर्व्हिसिंगला कधी उभा राहणार, हे आधी कॉम्प्युटरवर खोटं खोटं चालवून बघायचं आणि कमीत कमी खोळंब्याचा प्लॅन निवडायचा, म्हणजे ऑप्टिमाइझ करायचं. महाडकडच्या नातेवाइकांना वाटतं मी रॉकेट उडवते. वाटू दे.

तर आमच्या टोरांटोच्या दादाला मध्यंतरी साक्षात्कार झाला. फॅमिली ग्रुपवर फर्मान: "आईचा प्लॅन तू बनव, ऑप्टिमाइझ कर, तुझं कामच आहे ते." म्हणजे वहिनीच्या बाळंतपणाला आई टोरांटोत, मग धाकट्या भावाची पोरं सांभाळायला दुबईत, उरलीसुरली माझ्याकडे. आणि रिकामा फ्लॅट कशाला ठेवायचा, विकून टाकू. धाकट्याने लगेच टाळ्या पाठवल्या. शहाणे! स्वतःचा चहाचा कप विसळता येत नाही आणि निघाले आई वाटून घ्यायला. परदेशात गेलेल्यांनो, हसू नका, तुमच्या ग्रुपवरही हेच चालतं.

मी रागारागात आईला एक गाडी म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भरलं. सर्व्हिसिंग कधी? दादाच्या प्लॅनमध्ये तिच्या गुडघ्यांना एका दिवसाची सुट्टी नव्हती. आमच्या डंपरलासुद्धा असते! पुढचा रकाना डेपोचा, काम संपलं की गाडी जिथे परतते तो. टोरांटो टाकलं, दुबई टाकलं, पर्थ टाकलं. कॉम्प्युटरने निमूट घेतलं. त्याला काय कळतंय? मलाच पटेना.

शेवटी आईला फोन केला. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"थांब गं, उत्तनची कोळीणमावशी आलीय, बोंबील घेते." मग बोंबील घेऊन झाल्यावर तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "विका की. पण मग तुला परत यावंसं वाटलं, तर कुठे येशील?"

मी ग्रुपवर लिहिलं: आईचा डेपो मीरा रोड. फ्लॅट तिचा आहे, विकायचा नाही. ज्याला आई हवी त्याने तिच्याकडे यावं.

दादाचं उत्तर आलं, "हे ऑप्टिमम नाहीये."

नसू दे. मी तिकीट काढलंय. आईला विचारलेलं नाही, सरळ निघालेय.