कोरड्या स्लॅबवर तलावाचं पाणी

मी दुकानदार माणूस. समोरचा काय सांगतोय यापेक्षा तो का सांगतोय, हे मी आधी बघतो. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर तोंडावर हसत आलो. आता तुम्ही मला हसा... पण आधी पूर्ण वाचा.

हातगाडीवर बादल्या विकून सुरुवात केली. आज नागपुरात सक्करदऱ्याला माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. हिंगणा रोडच्या आत प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. एक मेची सुट्टी शुक्रवारी होती, जोडून शनिवार-रविवार. आदल्या दिवशी, गुरुवारी, स्लॅब टाकला.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवू घालायची आपल्याकडे पद्धत आहे. मटण-भात केला होता. त्या पंगतीतच मी चौकीदार भाऊरावला विचारलं — सिमेंटच्या दोन बोऱ्या कुठे गेल्या? आवाज चढला, कबूल. पण बोऱ्या कमी होत्या, हे मी आजही सांगतो. भाऊराव भरल्या ताटावरून उठला, हात धुतले आणि पिशवी घेऊन गावी निघून गेला. ऐन तराईच्या वेळी! नागपूरच्या मे महिन्यात नव्या स्लॅबवर सतत पाणी उभं ठेवलं नाही तर तो तडकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझा खरा राग तोच होता.

शुक्रवारी मिस्त्रीनं स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारे केले, मी स्वतः ते पाण्यानं भरले. शनिवारी सकाळी बोअरची मोटर जळली. मेकॅनिक सुट्टीवर. टँकरवाले फोन उचलेनात. दुपारपर्यंत क्यारे ठणठणीत कोरडे, तळ पांढरा पडायला लागलेला. जन्मभराची कमाई डोळ्यांसमोर वाळत होती.

मोहगाव झिल्पीच्या तलावापलीकडे एका गावात कोणाकडे तरी ट्रॅक्टरचा टँकर आहे असं कळलं. बायकोला, वंदनाला, गाडीत बसवलं आणि निघालो. टँकरवाला यायला तयार होता, पण त्याचा भाव ऐकून माझं डोकं फिरलं.

"सुट्टी पाहून लुटून राहिला का गा?"

"साहेब, तलाव फुकट आहे. उचलून न्या!" म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं कूलर लावला.

परतताना वंदना म्हणाली, "पाणी न्यायले आलो होतो, भांडण घेऊन चाललो. तुम्हाले घर पाहिजे का जीत पाहिजे?"

"तू चूप राय वं."

साडेपाच वाजले असतील. ऊन लख्ख. सुट्टीची गर्दी, गोळेवाले, सेल्फीवाले, सगळे तिकडे तलावाच्या पाळीवर, बांधाच्या बाजूला. आम्ही होतो त्या काठाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी आटून मागे गेलेलं, मध्ये नुसता गाळ. वळण घेतलं आणि... पाण्यात गुडघाभर भाऊराव उभा. तोच, टोपी मागे सरकवलेली. हातात हिरवा पाइप, त्याचं तोंड पाण्यात दाबून धरलेलं. पाइप गाळावरून वर येऊन, रस्ता ओलांडून, शेतातून नागपूरच्या दिशेनं गेलेला.

"अहो, ते भाऊराव ना?"

ब्रेक मारेपर्यंत गाडी पाइपावरून गेली. धप... धप. पुढची चाकं, मग मागची. तावातावानं खाली उतरलो. पाइप नव्हता. पाण्यात माणूस नव्हता. काठच्या मऊ गाळावर बगळ्यांच्या नख्या उमटलेल्या, पण माणसाचं एकही पाऊल नाही. फक्त चाकं ओली होती — चारही, दोन बोटं रुंदीचा पट्टा. वंदनानं बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. बर्फासारखं थंड. त्या उन्हात!

तिथून थेट प्लॉटवर आलो. गेटला माझंच कुलूप. मोटर जळलेलीच. शिडी कोरडी. वर चढलो... आणि सगळे क्यारे काठोकाठ भरलेले. मावळतीचं आभाळ त्यात दिसत होतं. कोपऱ्यातल्या क्याऱ्यात बोटभर मासोळी फिरत होती.

मी तिथूनच भाऊरावला फोन लावला. मागे लग्नाचा बँड वाजत होता.

"पाणी टाकून गेला, तर सांगून तरी जायचं गा."

"कोण गेला, साहेब?"

"तू! आणखी कोण?"

"मी परवापासून गावात आहो. पुतणीचं लगन आहे, मांडवातून बोलून राहिलो." बँडचा आवाज जरा लांब गेला. "अन् खरं सांगू? ताटावरून उठलो तवा मनात म्हटलं होतं, याचा स्लॅब तडकलाच पाहिजे. मी काहून टाकीन पाणी?"

कोणाला शेवटचा शब्द बोलू द्यायची मला सवय नाही. पण फोन ठेवायच्या आधी त्यानंच हळू आवाजात विचारलं, "साहेब... ज्यानं कोणी टाकलं, त्याले जेवू घातलं का?"

पावसाळा गेला. स्लॅबला केसभरही तडा नाही. इंजिनिअर म्हणतो, कोणी शेजाऱ्यानं भरलं असेल. पण आजूबाजूला घरंच नाहीत. वंदनाला विचारलं की ती उठून आत जाते. पाणी कुठून आलं, काठावर उभा होता तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. या सगळ्यात भाऊरावच्या त्या एकाच प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे.

नाही घातलं.