शुक्रवारचा डबा

लग्न ठरलं की आमच्या चर्चमध्ये मुलामुलीला तीन-चार वेळा पाळकसाहेबांपुढे बसावं लागतं. नवरा-बायकोची कर्तव्यं, वचन म्हणजे काय, घरातली प्रार्थना, सगळं ते समजावतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला गाठलं. "काकू, या दोघांना प्रेमाविषयी चार शब्द सांगा. तुमचा संसार सगळ्या मंडळीने पाहिलाय." मी हो म्हणून बसले आणि घरी येईपर्यंत माझा मलाच राग आला. प्रेमाविषयी मला जे काही कळलं, ते आमचे हे गेल्यानंतर कळलं.

हे पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस घरी आला की मिठाची गुळणी धरून बसायचा. बोलायचे ते फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत. पाळकसाहेब, आजारी शेजारीण, स्टँडवरचे ड्रायव्हर, आमच्याशी बोलणं टाकलेला माझा भाऊ, सगळ्यांची नावं घ्यायचे. माझं कधीच नाही. शेवटी आमेनच्या आधी ते थोडं थांबायचे, आणि दर वेळी मला वाटायचं, आता येईल. सव्वीस वर्षं वाट पाहिली. एकदा न राहवून विचारलं, "देवाला मी ठाऊक तरी आहे का?" म्हणाले, "आहेस की." विषय संपला.

डब्याचंही तेच. शुक्रवारी करंजाहून मासेवाली यायची, म्हणून त्या दिवशी डब्यात कोलंबीचं कालवण. कोलंबी म्हणजे यांचा जीव की प्राण. संध्याकाळी मी विचारायची, कसं झालं होतं? "संपलं," एवढंच उत्तर. इतर दिवशी भेंडीला छान म्हणणारा हा माणूस माझ्या कालवणाला एक बरा शब्द देत नसे. मी भांडी आपटायची. यांना मी नकोशीच आहे, असं किती शुक्रवार मनात म्हटलं असेन.

मग यांना शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. अधूनमधून संध्याकाळी घरी यायचे तेच घामाघूम, हात कापत असायचे. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेऊन जेवण चुकवत नाही ना?" हे गप्प. उत्तर मी दिलं, तेही चांगलं ठसक्यात. "डबा मी स्वतः भरते आणि रिकामा डबा मीच घासते." डॉक्टरांनी मान डोलावली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. पुरुषमाणसाला बायकोचा ठसका आवडला नसेल, असं मी धरून चालले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, शुक्रवारीच, हे स्टँडवर चक्कर येऊन पडले. फलाटाच्या कडेला डोकं आपटलं. साखर फार खाली गेली होती, असं दवाखान्यात सांगितलं. रविवारी सकाळी, चर्चच्या वेळेला, ते गेले.

चार महिन्यांनी त्यांच्याबरोबरचे एक कंडक्टर घरी आले, गव्हाण गावचे. मी पाणी दिलं.

"वैनी, मना झोप नाय लागत," ते म्हणाले. "शुक्रवारचा डबा मीच खायचो. ते उपास करायचे. जेवणाच्या सुट्टीत पार्सलच्या खोलीत डोळे मिटून बसायचे नि तुमचं नाव घ्यायचे. शुगर झाल्यावर मी बोललो, साहेब, आता सोडा. तर बोलले, तिच्यासाठी हाय, मोडता येत नाय. मना शपथ घातलेली, वैनींना सांगू नको."

कधीपासून, ते मी विचारलं. त्यांनी जे वर्ष सांगितलं, त्या वर्षी आमचं दुसरं मूलही पोटातच गेलं होतं. मी चर्च सोडलं होतं, बोलणंही जवळजवळ सोडलं होतं. आमच्यात उपास गाजावाजा करून करत नाहीत. तोंड धुवावं, भांग पाडावा, कुणाला कळू देऊ नये, देवाला दिसतंच. यांनी ती शिकवण शब्दशः पाळली होती. खोटं बोलायचं नाही म्हणून "संपलं" म्हणायचे.

त्या भल्या माणसाला मी एकच विचारलं, "कालवण बरं व्हायचं का?"

"लय चांगलं," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले.

प्रेम म्हणजे स्वतःला देऊन टाकणं, हे रविवारच्या शाळेत मीच पोरांना शिकवत आले. पण वधस्तंभावर एकजण गेला होता, तो पुरे होता. मला समोर बसून कोलंबी खाणारा नवरा हवा होता. हा राग मी देवापुढेही लपवलेला नाही. आणि मी तरी काय केलं? कापणारे हात डोळ्यांसमोर असताना रिकाम्या डब्यावर विश्वास ठेवला.

त्या मुलामुलीपुढे हे सगळं सांगवलं नाही. त्याला म्हटलं, "तिच्यासाठी जे करशील ते देवाला सांग, पण तिलाही सांग." तिला म्हटलं, "रिकामा डबा पाहून खूश होऊ नकोस. त्याला समोर बसवून जेवू घाल." ती हसली. पाळकसाहेब घसा खाकरून पुढच्या विषयाकडे वळले.

आमच्या मंडळीत गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते देवाच्या हाती पोचले, आता मागायचं काय, असं मानतात. मी संध्याकाळी एकटी बसते. शेजारीण, माझा भाऊ, गव्हाणचे कंडक्टर, सगळ्यांची नावं मोठ्याने घेते. यांचं नाव घेत नाही. आमेनच्या आधी थोडी थांबते, हे थांबायचे तेवढीच.