मेश्राम बाई बोर्डावर बसल्या

देवाशी माझं कधी धड जमलं नाही. भांडण मात्र रोजचं. टेकडीच्या गणपतीसमोर घटकाभर उभी राहायचे, हात जोडायचे, मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनवायचे आणि सीताबर्डीवरून ड्यूटीवर जायचे. त्या उन्हाळ्यात तर मला वाटायला लागलं होतं, की आपण उगाच दगडाशी बोलतो. आई गेल्यापासून बाबा चांद्याला एकटे राहत होते. नागपूरला चला म्हटलं की विषय बदलायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मी इथे ट्रंक टेलिफोनच्या बोर्डावर बसून साऱ्या जगाच्या गाठी घालून देत होते. चांद्याचं चंद्रपूर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी चांदाच.

बोर्डावरच्या आम्हा बायकांची एक रीत होती. दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला आम्ही नावानं नाही, गावानं हाक मारायचो. ‘हॅलो वर्धा’, ‘काय वं चांदा’. वर्षानुवर्षं एकमेकींचे आवाज कानात, पण चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नाही. लाइनवर कामाखेरीज बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो पाळला जातोय ना हे बघायला आमच्या सुपरवायझर मेश्राम बाई पाठीमागून फेऱ्या मारायच्या. पांढरी साडी, पावलांचा आवाज नाही. कुणी खुदकन हसलं तरी त्यांची मान वळायची. आम्ही त्यांना जाम घाबरायचो.

त्या सकाळी चांद्याची लाइन आली, पण तिनं नंबर मागितला नाही. दबक्या आवाजात म्हणाली, “नागपूर, ऐकून घे. तुझ्या बाबांले दवाखान्यात भरती केलं. शेजारचे लोक तुले कॉल लावायले आले होते. आतड्याले पीळ पडला म्हणते. डॉक्टर आजच ऑपरेशन करा म्हणून राहिले, अन् बाबा ऐकूनच नाही राहिले. पोरगी आल्याशिवाय पोटाले हात लावू देत नाही म्हणते. तू ये वं लवकर.”

बाबांचा हट्टी स्वभाव मला ठाऊक होता. नाही म्हणजे नाही. उठून मेश्राम बाईंकडे गेले आणि तिथे माझी नेहमीसारखी दातखीळ बसली. “बाबा आजारी आहेत, चांद्याला जायचंय,” एवढंच बोलता आलं. बाई म्हणाल्या, “रजा आधी सांगून घ्यायची असते. लग्नसराई आहे, आज दोघी आल्या नाहीत. बोर्ड कोणाच्या भरवशावर सोडू? दुपारच्या पाळीच्या मुली आल्या की जा.” मी मुकाट्यानं जागेवर येऊन बसले. मनात बाईंना शिव्या घातल्या आणि गणपतीला त्याहून जास्त. रोज तुझ्या पायऱ्या झिजवते, आणि वेळेला तू असा तोंड फिरवून बसतोस का रे?

डोळ्यांत पाणी भरलं होतं, समोरच्या बोर्डावरची वायर खोचायची भोकं दिसत नव्हती. त्यात मी भलतीकडेच वायर खोचली. लकडगंजच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला वर्ध्याच्या कुणा मुलीच्या बापाशी जोडून दिलं. एकजण सागाचा भाव विचारतोय, दुसरा म्हणतोय, पाहुणे, तारीख बदलू नका हो! दोघं एकमेकांवर ओरडायला लागले. मेश्राम बाई धावत आल्या. माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, दोघांची माफी मागितली, वायर उपसली. तेवढ्यात चांद्याचा दिवा लागला. बाईंनी लाइन घेतली, आणि समोर मीच आहे असं समजून चांदानं काय ते सगळं बोलून टाकलं असणार. बाई ऐकत राहिल्या. नियमाचं नाव काढलं नाही.

मग माझ्याकडे वळल्या. “ऊठ. आजारी आहेत एवढंच म्हणाली तू. ऑपरेशन अडून राहिलं हे काहून नाही सांगितलं? मी काय वाघ आहे का?” आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. कुणी सुपरवायझर बोर्डावर बसलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. सगळ्या पोरी माना वळवून बघायला लागल्या. “इकडं काय पाहता? आपापले दिवे पाहा,” बाई ओरडल्या. मी रडत म्हटलं, “बाई, देवासारख्या धावून आलात.” तर म्हणाल्या, “आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून देव नाहीत. चांद्याची गाडी गेली नसन अजून. पळ.”

रिक्षातूनच टेकडीकडे बघून हात जोडले. वेळेवर पोहोचव, एवढंच म्हटलं. गाडी मिळाली. वर्ध्याला फलाटावर एक किडकिडीत बाई खिडक्यांतून वाकत “नागपूर कोण आहे वं? नागपूर?” असं विचारत येताना दिसली. मी हात वर केला. तिनं पोळीभाजीचा पुडा माझ्या हातात कोंबला. “मी वर्धा. मेश्राम बाईंनी लाइनवर सांगितलं. तुम्ही निघाल्या हे चांद्यालेही कळवलं. रडू नका, खाऊन घ्या.” तिचं नाव विचारायच्या आत गाडी सुटली.

इतकं सगळं जुळून आलं, आणि वरोऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडीचे डबे घसरले होते म्हणे. बाहेर ऊन रणरणत होतं, डब्यातली लहान पोरं कंटाळून रडत होती, आणि माझा जीव नुसता कासावीस. पोहोचव, पोहोचव, एवढाच जप. नवस बोलले, धमक्या दिल्या, पुन्हा कधी तुझ्या दारात येणार नाही म्हणाले. शेवटी भांडायचंही त्राण उरलं नाही. खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि म्हटलं, आता तू जाण आणि तुझं काम जाण. माझ्या हातात काही नाही. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असेन. त्यानंतरही गाडी हलली नाहीच. पण मला झोप लागली.

दवाखान्यात शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा कॉटवर डोळे मिटून पडले होते. पोटाला पट्टी होती, श्वास संथ चालला होता. उशाशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई पदरानं वारा घालत बसली होती. मी तिला ओळखलं नाही. ती म्हणाली, “आली का वं नागपूर?” आणि तो आवाज ऐकून मी तिच्या गळ्यातच पडले.

ऑपरेशन दुपारीच उरकलं होतं. मेश्राम बाईंचा निरोप मिळाल्याबरोबर चांदा आपला बोर्ड सोबतिणीवर टाकून दवाखान्यात आली होती. बाबांना म्हणाली, “काका, तुमची पोरगी गाडीत बसली. निघाली ती.” बाबांनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “तिच्या साहेबांनी स्वतः सांगितलं.” तेव्हा बाबा डॉक्टरांना म्हणाले, “मग आता थांबता कशाले? करा.” गुंगीचं औषध देईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही. डॉक्टर मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर काही हाती लागलं नसतं.

मी त्या कॉटपाशी खाली बसले आणि पोटभर रडले. बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. मेश्राम बाईंना मी पेढे दिले, त्यांनी ते साऱ्या पोरींना वाटून टाकले आणि मला ताबडतोब कामाला बसवलं. देव न मानणाऱ्या त्या बाईंना मी मनातून रोज नमस्कार करते, हे त्यांना कधी सांगायची हिंमत झाली नाही. आणि त्या दिवसाचं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. रिक्षात, गाडीत, त्या वरोऱ्याच्या उन्हात मी सारखं एकच मागत होते, मला पोहोचव. ते त्यानं दिलं नाही, मी वेळेवर पोहोचलेच नाही. माझ्या बाबांना वाचव, हे म्हणायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ते त्यानं न मागता केलं.